१९७० ची शेव्हेल आणि चौथा गिअर : जुन्या मसल कारमध्ये ४एल६०ई बसवताना

शेव्हेलकर (मूळ धागा)

नमस्कार मंडळी,

माझ्या १९७० च्या शेवरले शेव्हेल मालिबूचा टीएच३५० हा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून त्या जागी ४एल६०ई हा चार गिअरांचा ऑटोमॅटिक बसवला. मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ पडायला लागलं की जुनी गाडी बाहेर काढायची नसते. नोव्हेंबरात ती लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) चढवली आणि एप्रिलात खाली उतरवली. मधल्या पाच महिन्यांत जे शिकलो ते मराठीत कुठेच सलग वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या धंद्यात मराठी माणसं भरपूर आहेत, त्यातले काही इथेही असतील. चुकलं तर जरूर सांगा.

आधी गाडीबद्दल. दोन दारी हार्डटॉप, ३५० घनइंचाचा स्मॉल ब्लॉक (शेवरलेचं छोट्या बांध्याचं व्ही-८ इंजिन), वर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर. एसएस, म्हणजे ताकदवान आवृत्ती, नाही; साधी मालिबू. इंजिन माझ्याकडे येण्याआधीच बदललेलं होतं, त्यामुळे इंजिन-चेसिसचे नंबर जुळण्याचा प्रश्न उरला नव्हता. नंबर जुळणारी गाडी असती तर मी पाना हातात घेण्यापूर्वी फार विचार केला असता.

ही गाडी चार वर्षं माझ्याकडे होती आणि मी ती वर्षाला जेमतेम तीनशे मैल चालवत होतो. कारण एकच, हायवे. आधीच्या मालकाने डिफरन्शिअलमध्ये ३.७३ चा क्राउन-पिनियन (दातेरी चाकांची जोडी) घातला होता, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ३.७३ फेरे. सिग्नलवरून सुटताना मजा येते, पण टीएच३५० ला तीनच गिअर आणि तिसरा म्हणजे सरळ एकास एक. हिशोब कुणालाही करता येईल : ताशी मैल गुणिले डिफरन्शिअल गुणिले गिअर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत, की इंजिनाचे मिनिटाचे फेरे मिळतात. माझे टायर २६ इंची. ७० मैलांना ३३७४ फेरे येतात, आणि कन्व्हर्टर (इंजिन व गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) थोडा घसरतो तो धरून साडेतीन हजार. आय-७५ वर बे सिटीच्या पुढे वेगमर्यादा ७५ आहे. तिथे हे इंजिन छत्तीसशेच्या वर ओरडत राहायचं. तासाभरात डोकं दुखायला लागायचं, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता यायचं नाही. बायको एकदा फ्लिंटपर्यंत आली आणि पुढच्या वेळी म्हणाली, "तू जा, मी मागून आपल्या गाडीने येते." ते मला लागलं. गाडी दोघांनी मिळून घेतली होती.

सोपा उपाय होता : ३.७३ काढून ३.०८ घालायचा. पण मग सुटताना गाडी मरगळते. टीएच३५० चा पहिला २.५२ आहे. ३.७३ ला गुणलं तर ९.४०, ३.०८ ला गुणलं तर ७.७६. म्हणजे एक मिळवायला दुसरं सोडायचं. चौथा गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, ही अडचण सोडवतो. ४एल६०ई चे गिअर असे आहेत : ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. त्याच ३.७३ वर ७० मैलांना २३६२ फेरे.

पर्याय तीन होते. पहिला ७००आर४, जो जीएमने (शेवरलेची मूळ कंपनी जनरल मोटर्स) १९८२ मध्ये आणला. हेच गिअर, पण सगळं तेलाच्या दाबावर आणि एका केबलवर चालतं. दुसरा २००-४आर, १९८१ चा. तिसरा ४एल६०ई, म्हणजे ७००आर४ चाच १९९३ पासूनचा इलेक्ट्रॉनिक अवतार. मी तिसरा घेतला, कारण गिअर कधी बदलावा आणि दाब किती असावा हे लॅपटॉपवरून ठरवता येतं. नोकरीत मी तेच करतो, त्यामुळे ती भाषा कळत होती.

घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. एलएस, म्हणजे जीएमच्या नंतरच्या पिढीच्या व्ही-८ इंजिनासाठी बनलेला ४एल६०ई जुन्या स्मॉल ब्लॉकला तसाच बसत नाही. त्याचा इनपुट शाफ्ट आणि कन्व्हर्टर वेगळा असतो. जुन्या इंजिनासाठी नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातला शोधा. मला पहिल्यांदा चुकीचाच मिळाला होता. जुन्या भागांच्या यार्डातल्या माणसाने "सगळे सारखेच" म्हणून दिला आणि मी घरी आणून मोजला तेव्हा कळलं. परत देता आला, पण दोन आठवडे गेले.

आता काम. टीएच३५० काढणं अवघड नाही : प्रोपेलर शाफ्ट, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी), कूलरच्या नळ्या, व्हॅक्यूम मॉड्युलेटरची नळी, किकडाउन केबल, कन्व्हर्टरचे बोल्ट. मॉड्युलेटरची नळी काढल्यावर मॅनिफोल्डवरचं तोंड बंद करायला विसरू नका, नाहीतर इंजिन हवा ओढत राहतं आणि तुम्ही आठवडाभर कार्ब्युरेटरला दोष देत बसता.

नवा गिअरबॉक्स लांब आहे. आखूड शेपटीचा टीएच३५० साधारण पावणेअठ्ठावीस इंच, ४एल६०ई पावणेएकतीस. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट तीन इंच आखूड लागतो आणि मागचा माउंट सरकल्यामुळे क्रॉसमेंबरही मागे घ्यावा लागतो. मी मूळ शाफ्ट कापला नाही, नवा करून घेतला. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचे दाते दोन्हीकडे २७ च, त्यामुळे जुना स्लिप योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) चालला. गाडीच्या तळाचा, गिअरबॉक्सवरचा बोगदा कापावा लागला नाही.

सगळ्यात मोठी चूक माझ्या हातून कन्व्हर्टर बसवताना होता होता राहिली. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसायला तो फिरवत फिरवत आत ढकलावा लागतो, आणि तीन वेळा 'टक' असं जाणवायला हवं. मला दोनदा जाणवलं आणि मी पुढे गेलो. गिअरबॉक्स वर चढवला तर बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) आणि इंजिन यांच्यात अर्धा इंच फट. मी लांब बोल्ट घेऊन ती ओढायच्या बेतात होतो. शेजारचे आजोबा, ज्यांनी विलो रनच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, ते नेमके कॉफीचा कप घेऊन आले होते. त्यांनी माझा हातच धरला. बोल्टने ओढला असता तर पंप फुटला असता आणि ते मला गाडी सुरू केल्यावरच कळलं असतं. गिअरबॉक्स खाली घेतला, कन्व्हर्टर फिरवला, तिसरा टक आला. पुन्हा चढवल्यावर बेलहाउसिंग हाताने मिटलं. कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या टोकाची दातेरी चकती) यांच्यात एक-अष्टमांश इंचापासून तीन-सोळांश इंचापर्यंत मोकळीक राहिली पाहिजे. ती मोजल्याशिवाय एकही बोल्ट आवळू नका.

विलो रनबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथे दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनी बी-२४ बॉम्बर बनवायची. १९५३ च्या ऑगस्टमध्ये जीएमचा लिव्होनियाचा हायड्रामॅटिक (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा) कारखाना जळाला, तेव्हा जीएमने गिअरबॉक्सचं उत्पादन विलो रनला हलवलं आणि ते २०१० पर्यंत तिथे चाललं. त्या कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस माझ्या गॅरेजमध्ये उभा राहून मला पंप वाचवायला शिकवतो, याचं मोल मला पैशात सांगता येणार नाही.

इलेक्ट्रॉनिक बाजू सोपी गेली. वेगळा कंट्रोलर घेतला आणि डॅशबोर्डखाली बसवला. कार्ब्युरेटरला थ्रॉटल पोझिशन सेन्सर बसवावा लागतो. बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास. या एका आकड्यावरून कंट्रोलर दाब आणि गिअर दोन्ही ठरवतो, म्हणून तो सेन्सर डगडगता कामा नये. माझा ब्रॅकेट पहिल्यांदा पातळ पत्र्याचा होता, तो थरथरायचा आणि गाडी तिसऱ्या-चौथ्यात उगाच पुढेमागे करायची. जाड पट्टीचा केला, थांबलं.

स्पीडोमीटरचं म्हणाल तर या गिअरबॉक्सला केबल लावायची जागाच नाही, फक्त सेन्सर आहे. सेन्सरचे ठोके वाचून छोट्या मोटरने केबल फिरवणारा डबा मिळतो, तो लावला. मूळ काटा तसाच राहिला.

आता ७५ मैलांना अडीच हजार फेरे. मे महिन्यात आम्ही दोघं मॅकिनॉ सिटीला जाऊन आलो. जाताना जवळजवळ तीनशे मैल. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली तेव्हा बायको म्हणाली, "परत जाताना मी चालवते." चालवलीही, गेलॉर्डपासून घरापर्यंत.

प्रश्न विचारा. जमेल तसं लिहितो.

---

वाचनमात्र

फार दिवसांनी असा धागा वाचला. गाडीतलं काही कळत नाही, पण तिसऱ्या 'टक'च्या वेळी श्वास रोखला होता. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

कार्ब्युरेटर

शेव्हेलकर, कष्ट दिसतात, त्याबद्दल आदर आहे. पण मला हा प्रकार पटत नाही आणि ते मोकळेपणाने लिहितो.

माझ्याकडे १९६७ ची पाँटिअॅक जीटीओ आहे, टीएच४०० या तीन गिअरांच्या ऑटोमॅटिकसकट, जशी कारखान्यातून आली तशी. त्या काळच्या माणसांनी गाडी बनवताना तो आवाज, ते फेरे, ते तीन गिअर धरूनच ती बनवली होती. हायवेवर ती ओरडते, कारण ती हायवेसाठी बनलीच नव्हती. ती सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पळण्यासाठी होती. १९६४ मध्ये पाँटिअॅकने मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं इंजिन घातलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वुडवर्ड अॅव्हेन्यू, डेट्रॉइटचा शर्यतींचा रस्ता, होता. तुम्ही तिथे संगणक बसवलात. उद्या दुसरा इंजिन बदलेल, तिसरा चेसिस. मग त्या गाडीत १९७० चं काय राहतं? पत्रा?

दहा वर्षांनी ही गाडी कुणी विकत घेईल, तेव्हा त्याला मूळ गाडी कशी चालायची ते कधीच कळणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

---

शेव्हेलकर

कार्ब्युरेटर, तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. तुमच्या जीटीओला मीसुद्धा हात लावला नसता.

मात्र माझ्या गाडीत ३.७३ सुद्धा मूळ नव्हता, इंजिनही नव्हतं. मी बदललेल्या गाडीत बदल केला. दुसरं, मी काहीही कापलं नाही. टीएच३५०, त्याचा क्रॉसमेंबर, मूळ प्रोपेलर शाफ्ट, किकडाउन केबल, कन्व्हर्टर, सगळं पुसून, तोंडं बंद करून, चिठ्ठ्या लावून गॅरेजच्या मागच्या फळीवर ठेवलं आहे. ज्याला हवं त्याने एका शनिवार-रविवारात परत बसवावं. हे आधीच ठरवलं होतं, म्हणूनच शाफ्ट नवा केला. पुढच्या मालकाला त्या फळीसकट गाडी मिळेल.

आणि वर्षाला तीनशे मैल चालणारी गाडी आतून गंजते, सील सुकतात, पेट्रोल कुजतं. या वर्षी जूनपर्यंतच अकराशे मैल झाले.

---

गिअरदात

शेव्हेलकरांनी ७००आर४ ला "एका केबलवर चालतं" म्हणून पुढे ढकललं. त्या केबलबद्दल लिहितो, कारण निम्मे जण खर्च वाचवायला ७००आर४ किंवा २००-४आर घेतात आणि त्यातले बरेच जण पहिल्या पाचशे मैलांत तो जाळतात. मी गिअरबॉक्सच्या क्षेत्रातच काम करतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर धरून ठेवतात त्या क्लचच्या चकत्या आणि बँड. त्यांना आवळतो तेलाचा दाब. इंजिन जोरात ओढत असेल तर दाब जास्त हवा, नाहीतर चकत्या घसरतात आणि जळतात. प्रश्न एवढाच की इंजिन किती जोरात ओढतंय हे गिअरबॉक्सला कसं कळणार? टीएच३५० मध्ये ते काम व्हॅक्यूम मॉड्युलेटर करतो. किकडाउन केबल फक्त खालचा गिअर घेण्यापुरती असते. ती सुटली तरी गाडी चालते.

७००आर४ आणि २००-४आर मध्ये मॉड्युलेटर नाही. तिथे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल, जिला सगळे टीव्ही केबल म्हणतात, तीच दाब ठरवते. लोक तिला किकडाउन केबल समजतात आणि सैल लावतात. सैल केबल म्हणजे गिअरबॉक्सला वाटतं इंजिन आरामात आहे. दाब कमी राहतो, गिअर लवकर आणि मऊ बदलतात, चालवणाऱ्याला वाटतं "किती छान, जाणवतसुद्धा नाही". ते छान वाटणं म्हणजेच ३-४ चा क्लच जळणं आहे.

दुसरी अडचण कार्ब्युरेटरच्या दांड्याची. टीव्ही केबल ज्या भूमितीसाठी बनली ती जीएमच्या स्वतःच्या कार्ब्युरेटरची. बाजारातला होली किंवा एडेलब्रॉक लावला तर केबल किती आणि कधी ओढली जाते ते बदलतं. त्यासाठी दुरुस्तीचा ब्रॅकेट मिळतो, तो लावलाच पाहिजे. आणि गिअरबॉक्सच्या तोंडाला प्रेशर गेज लावून दाब प्रत्यक्ष बघा, डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका.

४एल६०ई मध्ये हे काम विजेवर चालणारा सोलेनॉइड करतो. त्याची रचना शहाणपणाची आहे : वीज गेली तर दाब कमाल होतो, आणि दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद पडल्याने गाडी तिसऱ्यात राहते. म्हणजे कंट्रोलरची तार तुटली तरी घरी पोचता येतं आणि चकत्या जळत नाहीत.

कन्व्हर्टरच्या लॉकअपबद्दलही, म्हणजे त्याची घसरण थांबवून त्याला घट्ट जोडणाऱ्या क्लचबद्दल, कुणीतरी लिहायला हवं होतं. ओव्हरड्राइव्हमध्ये लॉकअप न जोडता लांब प्रवास करू नका. चौथ्यात फेरे कमी असतात, कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ती सगळी घसरण तेलात उष्णता म्हणून जाते. शेव्हेलकर, तुमचं तापमान किती राहतं?

---

शेव्हेलकर

गिअरदात, हा प्रतिसाद मूळ धाग्यात असायला हवा होता. मनापासून आभार.

रेडिएटरपुढे गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा वेगळा प्लेट कूलर लावला आहे. लॉकअप लागल्यावर हायवेवर १७० ते १८० अंश फॅरनहाइट. ट्रॅव्हर्स सिटीत चेरीच्या जत्रेच्या गर्दीत २०५ पर्यंत गेलं होतं, मोकळ्या रस्त्यावर आलो की दहा मिनिटांत उतरलं.

---

ह्युस्टनकर

२००-४आर च्या बाजूने बोलायला कुणी नाही म्हणून मी बोलतो. माझ्या १९७१ च्या ओल्ड्समोबाइल कटलासमध्ये तोच आहे, पाचवं वर्ष.

त्याचे गिअर २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७. लांबी आखूड शेपटीच्या टीएच३५० एवढीच आणि योकही तोच, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टला हात लागत नाही. फक्त मागचा माउंट टीएच४०० च्या जागी येतो, म्हणून क्रॉसमेंबर मागे सरकवायचा. आणि बेलहाउसिंगला दोन्ही प्रकारची भोकं असतात : शेवरलेची आणि ब्यूइक-ओल्ड्समोबाइल-पाँटिअॅकची. माझं ओल्ड्सचं इंजिन आहे, मला अडॅप्टर लागला नाही. कार्ब्युरेटरदादांची जीटीओ कधी बदलायचीच झाली तर हाच बसेल, आणि टीएच४०० फळीवर ठेवता येईल.

मुख्य मुद्दा गिअरांमधल्या अंतराचा. ४एल६०ई मध्ये पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ३.०६ वरून १.६३ वर पडतो. ५००० फेऱ्यांवर बदललात तर इंजिन २६६० च्या आसपास येतं. टीएच३५० मध्ये ३०१५ ला यायचं, २००-४आर मध्ये २८६५. ज्याचा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या फेऱ्यांचा आहे त्याला ती दरी फार जाणवते. शिवाय ३.७३ वर पहिला गिअर ११.४१ होतो, ५००० फेऱ्यांना जेमतेम ३४ मैल. सुटला नाही तोच संपला.

हो, कारखान्यातून येतो तसा २००-४आर नाजूक आहे. पण १९८६-८७ च्या ब्यूइक ग्रँड नॅशनलमध्ये, टर्बो व्ही-६ च्या मागे, हाच होता. आतले काही भाग कडक केलेले घालून बांधला की टिकतो. आणि गिअरदात म्हणतात तसं, केबल गेज लावून बसवली.

---

शेव्हेलकर

हे बरोबर आहे आणि मला ते जाणवतं. दुसऱ्यात पडल्यावर क्षणभर गाडी दम घेते. माझा कॅम सौम्य आहे, खालून ओढतो, म्हणून चालून गेलं. ओल्ड्स किंवा पाँटिअॅकचं इंजिन असतं तर मीही २००-४आर च घेतला असता.

---

मस्टँगवाली

मी न्यू जर्सीत असते. बाबांनी निवृत्तीनंतर १९६६ ची मस्टँग घेतली होती, २८९ इंजिन आणि सी४ गिअरबॉक्स. ते गेले, आता गाडी माझ्याकडे आहे. मला ती विकायची नाही, चालवायची आहे. रोज नाही, पण पेनसिल्व्हेनियात भावाकडे जाता येईल एवढी. इथे सगळं जीएमचं चाललंय. फोर्डमध्ये असं करता येतं का? मी स्वतः ऑइल आणि ब्रेक पॅड बदलते, त्यापलीकडे हात घातलेला नाही.

---

गिअरदात

ताई, नक्की करता येतं.

फोर्डमध्ये दोन रस्ते. एक एओडी, १९८० पासूनचा : २.४०, १.४७, १.०० आणि ०.६७. तुमच्या सी४ चा पहिला २.४६ आहे, म्हणजे सुटताना फरक जाणवणार नाही, फक्त वर एक गिअर मिळेल. त्यालाही टीव्हीची जोडणी आहे आणि वर लिहिलेलं सगळं लागू. एओडी मध्ये वेगळा लॉकअप क्लच नाही. चौथ्यात ताकद कन्व्हर्टरला वळसा घालून एका वेगळ्या शाफ्टमधून सरळ जाते, त्यामुळे लॉकअपची तार जोडायचा व्याप नाही. दुसरा रस्ता ४आर७०डब्ल्यू : २.८४, १.५५, १.०० आणि ०.७०. हा इलेक्ट्रॉनिक, कंट्रोलर लागतो.

तुमच्या गाडीत एक सापळा आहे आणि तो महाग पडतो, म्हणून ठळक सांगतो. २८९ इंजिनाचा तोल बाहेरून २८ औंसांनी साधलेला असतो. १९८० च्या दशकातलं ५.० लिटर इंजिन दिसायला तेच, पण तिथे ५० औंस. एओडी सोबत यार्डातून त्याचा फ्लेक्सप्लेट आला तर तो बहुधा ५० औंसांचा असेल. तो लावला तर इंजिन हादरेल आणि मेन बेअरिंगची वाट लागेल. तुम्हाला १६४ दात्यांचा, २८ औंसांचा फ्लेक्सप्लेट हवा. दुकानदाराला हे दोन्ही आकडे लिहून द्या.

क्रॉसमेंबर बदलावा लागेल. प्रोपेलर शाफ्ट मोजूनच ठरवा. काम बाहेर करून घेणार असाल तर ज्याला विचाराल त्याला "टीव्ही प्रेशर गेजवर बघणार का" असं विचारा. उत्तर लगेच "हो" आलं तरच गाडी सोडा.

---

मस्टँगवाली

दोन्ही आकडे बाबांच्या वहीत लिहून ठेवले. त्यांनी गाडीची एक वही ठेवली होती, प्रत्येक ऑइल बदलाची तारीख आहे त्यात. पुढच्या पानावर हे.

---

पौडफाटा

पुण्यातून वाचतोय. आमच्याकडे घरची कॉन्टेसा आहे, इसुझूच्या १.८ इंजिनाची. असा ऑटोमॅटिक तिच्यात बसवता येईल का? आई आता क्लच दाबू शकत नाही, पण तिला त्याच गाडीत बसायचं असतं आणि अजून चालवायचीही हौस आहे.

---

गिअरदात

पौडफाटा, ४एल६०ई सारखा गिअरबॉक्स मोठ्या व्ही-८ साठी बनलेला आहे. जड आहे, आणि तो नुसता फिरवायलाच इंजिनाची बरीच ताकद जाते. १.८ लिटरच्या इंजिनात ती परवडत नाही. जपानी छोटा ऑटोमॅटिक, तोही इसुझूच्या इंजिनाला बसणारं बेलहाउसिंग मिळालं तर, असा विचार होऊ शकतो.

---

कार्ब्युरेटर

आणि कायद्याची बाजू. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. व्हिंटेज नोंदणीचे २०२१ चे नियम पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहेत आणि तिथे तर चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं लागतं. कॉन्टेसा आली १९८४ मध्ये, त्यामुळे ती त्यात येतही नाही. अपंगत्वासाठी गाडीत बदल करायला कायद्यात वेगळी वाट आहे. आईंचं वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन आरटीओत लेखी विचारा, त्याशिवाय खर्च करू नका. क्लच हाताने दाबायची सोय हा गिअरबॉक्स बदलण्यापेक्षा कितीतरी साधा मार्ग आहे.

गाडी ठेवा मात्र.

---

पौडफाटा

हाताच्या क्लचचं सुचलंच नव्हतं. सोमवारी आरटीओत जातो. मनापासून धन्यवाद.

---

शेव्हेलकर

एक अडचण मूळ धाग्यात लिहिली नव्हती, ती आता सुटली म्हणून लिहितो.

नवा शाफ्ट बसवल्यापासून ६० ते ६५ मैलांमध्ये बुडाखाली गुणगुण यायची. आधी शाफ्टच्या तोलावर संशय घेतला. ज्यांनी बनवला त्यांच्याकडे दोनदा नेला, तोल बरोबर होता. चूक माझी होती. क्रॉसमेंबर मागे घेताना गिअरबॉक्सची शेपटी खाली गेली होती आणि मी कोन मोजलेच नव्हते.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असतात. पुढचा क्रॉस शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात किंचित कमीजास्त करतो, मागचा तेच उलटं करून सरळ करतो. पण त्यासाठी गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची (डिफरन्शिअलमध्ये शाफ्ट जिथे जोडला जातो त्या चाकाची) रेषा समांतर हवी. माझा गिअरबॉक्स मागे साडेचार अंश खाली झुकलेला आणि पिनियन फक्त दोन अंश वर. अडीच अंशांचा फरक, तीच गुणगुण.

माउंटखाली तीन-अष्टमांश इंचाच्या पट्ट्या टाकल्या, शेपटी अर्धा अंश वर आली. शेव्हेलला मागे कॉइल स्प्रिंग आणि चार आर्म आहेत, त्यामुळे पिनियनचा कोन वरच्या आर्मवर बदलायचा असतो. लांबी कमीजास्त करता येणारे आर्म लावले आणि पिनियन तीन अंशांवर आणला. मस्टँगवाली ताई, तुमच्या गाडीला मागे पाटे आहेत, तिथे पाट्याखाली पाचर घालून हेच होतं. आता एक अंशाचा फरक मुद्दाम ठेवला आहे, कारण गाडी ओढायला लागली की पिनियन थोडं वर उचलतं. गुणगुण गेली.

---

मस्टँगवाली

शाफ्टची लांबी कशी मोजायची तेही लिहाल का? पुढच्या महिन्यात गिअरबॉक्स येतोय. भाऊ मदतीला येणार आहे.

---

शेव्हेलकर

गाडी चाकांवर उभी हवी, घोड्यांवर चेसिस टांगून नाही. मागचा अॅक्सल खाली लोंबकळला की माप चुकतं. घोडी वापरायचीच तर अॅक्सलखाली लावा. स्लिप योक गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकला, मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढा आणि तिथे खडूने खूण करा. त्या स्थितीत पुढच्या क्रॉसच्या मधल्या बिंदूपासून पिनियनवरच्या क्रॉसच्या मधल्या बिंदूपर्यंतचं अंतर मोजा. टेप एकाने धरायचा, दुसऱ्याने वाचायचं, मग जागा बदलून पुन्हा. दोघांचा आकडा एक आला की तोच दुकानात द्या.